‘दर शनिवारी एक उपक्रम’ : ही यादी इंदूरच्या शाळेची आहे का?

लोकमान्यनगरच्या बाई

काल शिक्षकांच्या गटात एका ताईंनी ‘वर्षभराचे 52 उपक्रम’ अशी यादी टाकली. जूनमध्ये प्रवेशोत्सव, आषाढात दिंडी, श्रावणात राख्या, नवरात्रात भोंडला, मेमध्ये शून्य सावली दिवस, म्हणजे दुपारी सूर्य डोक्यावर येऊन सरळ काठीची सावली नाहीशी होते तो दिवस. खाली सूचना: दर शनिवारी एक, फोटो त्याच संध्याकाळी. सगळ्यांनी वा वा केलं. मला गप्प बसवत नाही.

ही यादी पुण्याच्या वर्षाची आहे. आपलं सत्र 1 एप्रिलला सुरू होतं आणि मेमध्ये शाळेला कुलूप असतं. शून्य सावली मेच्या मध्यावर पुण्यात होते, कारण पुणं साडेअठरा अंशांवर आहे. इंदूर 22.7 वर. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या वेळी सुट्टी, दुसऱ्या वेळी ढग. यादी करणाऱ्याने इथे काठी रोवून बघितलेली नाही, हे उघड आहे.

52 नको, एकच करा, पण वर्षभर. मैदानात मीटरभर उंचीची सरळ काठी. दर शनिवारी दुपारी सर्वांत आखूड सावलीची खूण करायची आणि मोजायची. 23 सप्टेंबरच्या आसपास ती भरते 42 सेंटिमीटर. 22 डिसेंबरला काठीपेक्षाही लांब होते, सुमारे 104. आणि खरी गंमत म्हणजे घड्याळात बारा वाजून गेले तरी सावली आखूड होतच राहते, साधारण साडेबाराच्या आगेमागेपर्यंत. सहावीतल्या एका मुलाने मला विचारलं, “बाई, चुकतंय कोण, घड्याळ की सूर्य?” त्या दिवशी भूगोलातले रेखांश पहिल्यांदा वर्गाच्या कामाला आले. देशाची वेळ 82.5 अंशांची आणि आपण 76 च्याही थोडे अलीकडे, हे मग मुलांनीच नकाशात शोधलं. हा प्रश्न फोटोत दिसत नाही, पण शिकणं तिथेच झालं.

यादीवाली ताई

ती यादी माझी आहे, तेव्हा उत्तर देते. मी पहिली-दुसरी घेते. सात वर्षांच्या मुलाला रेखांश सांगू? त्याला तिसरी संपेपर्यंत वाचता यावं आणि हिशोब यावा, हे सरकारच्या निपुण भारत योजनेचं लक्ष्य माझ्या डोक्यावर आहे. राखी करताना मूल मणी मोजतं, एक लाल दोन पिवळे असा क्रम लावतं. तेही गणितच आहे. आणि नवीन लागलेल्या अतिथि शिक्षकाला शनिवारी काय घ्यायचं हे कोणी सांगत नाही. त्याच्या हातात काहीतरी द्यायला नको का? तुमच्यासारखा अनुभव सगळ्यांकडे नसतो, बाई.

सरकारी शाळेतला गुरुजी

तुम्ही दोघी उपक्रमावर भांडताय. आमच्याकडे दोन खोल्या, पाच वर्ग आणि मी. त्यात बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राच्या मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावू नये असं लिहिलंय, पण पुढे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी दारं उघडी ठेवली आहेत. मतदारयादी घेऊन मी गल्लोगल्ली फिरतो आणि इकडे शाळांवर देखरेख करणारे जनशिक्षक विचारतात, शनिवारचा फोटो कुठे? फोटो मागणं बंद करा, अर्ध्या शाळांमध्ये उपक्रम आपोआप बरे होतील.

दोन मुलांची आई

फोटोचं गुरुजी बोलले ते शंभर टक्के. उपक्रम मुलांचे नसतातच, ते आमचे असतात. रात्री दहाला कळतं की उद्या किल्ला हवा. मग थर्माकोल, कटर, चमकी शोधत दुकानं पालथी घालायची. मुलगा झोपलेला, आणि बुरूज चिकटवतोय त्याचा बाप. चार दिवसांनी तो किल्ला घरी परत येतो आणि निगमच्या गाडीत कचरा वेगळा करताना आम्हीच तो मोडून टाकतो. देशात स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरातल्या शाळा एवढं थर्माकोल मागवतात, याची लाज वाटत नाही कोणाला?

मालवी माती

यादीतल्या भोंडल्यावर कोणी बोलत नाही. तुम्ही माळव्यात राहता. इथे भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावस्येपर्यंत मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, रोज वेगळी. पंचमीला पाच कुंवारे (बिनलग्नाची पोरं), सप्तमीला सातिया (स्वस्तिक), अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ला. तिथी आणि आकडा एकमेकांत विणलेले आहेत. पहिलीच्या वर्गाला याहून चांगलं गणित कुठलं? वर फुलं आणि रंगीत पन्नी, संध्याकाळी मालवी गाणी. खर्च शून्य. आणि तुम्ही पाटावर हत्ती काढून पुण्याची नक्कल करता.

राजेंद्रनगरचे आजोबा

नक्कल? आमच्या आजीने होळकरांच्या काळात इथेच भोंडला खेळला. मराठी माध्यमाच्या शाळा आमच्या डोळ्यांदेखत गेल्या, नातवंडं घरात हिंदीत बोलतात. वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात मराठी गाणी ऐकू येतात, तीही तुम्हाला खुपतात? संजा घालायची तर खुशाल घाला. भोंडल्याला हात लावू नका.

मालवी माती

हात कोण लावतंय? चार पिढ्या इथलं पाणी पिऊन वर्गातल्या मालवी पोरीच्या घरचा सण तुमच्या यादीत एका ओळीचाही नसावा, एवढंच बोललो. ती पोर तुमच्या फेरात टाळ्या वाजवते. तुमची नात तिच्या भिंतीशी कधी गेली आहे का?

दोन मुलांची आई

आमच्या शाळेत शेण म्हटलं तर पालकच तक्रार करतील. शिवाय पितृपक्ष. आणि दोन्ही खेळ मुलींचेच. वर्गातल्या मुलांनी त्या वेळात काय करायचं, बाकं उचलायची?

यादीवाली ताई

मुलगेही खेळतात माझ्या वर्गात. खिरापत ओळखायला तेच सगळ्यांत पुढे. गोड आहे का, कोरडं आहे का, डाळ आहे का, असं विचारत डब्यातला पदार्थ शोधतात. नेमका प्रश्न विचारायला शिकवणारा दुसरा खेळ दाखवा मला.

देवासचा विज्ञानवाला

सगळे जण असं बोलताय जणू हे प्रश्न आज उपटले. आपल्याच प्रदेशात होशंगाबादला 1972 मध्ये 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. 1978 ला ते जिल्हाभर गेलं. साधी, स्वस्त सामग्री, मुलं टोळ्या करून प्रयोग करायची, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा आणि वर प्रयोगाचीही परीक्षा. शिक्षक महिन्याला एकत्र बसून काय अडलं ते बोलायचे. 2002 मध्ये सरकारने ते बंद केलं. माझं विज्ञान अशाच एका शाळेत झालं, पानांच्या शिरा आम्ही बांधावर जाऊन पाहिल्या. ते टिकलं ते महिन्याच्या बैठकीमुळे. आज शिक्षकाला यादी मिळते, बैठक मिळत नाही. नव्या धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, त्यांचीही अशीच यादी होईल.

सरकारी शाळेतला गुरुजी

बैठक होते हो. तिच्यात फक्त आकडे भरतात.

लोकमान्यनगरच्या बाई

ताई, खिरापतीचं पटलं. पहिलीला काठी जड जाईल हेही खरं. पण त्यांना स्वतःची सावली खडूने गिरवता येते. जुलैत ऊन पडेल त्या दिवशी गिरवा, मग डिसेंबरमध्ये तिथेच, त्याच वेळी. रेखांशाचं नावही काढायला नको. आणि आजोबा, संजा पितृपक्षात, भोंडला त्यानंतर. तारखा टकरत नाहीत, मग भांडण कशाचं?

राजेंद्रनगरचे आजोबा

भांडण ‘नक्कल’ या शब्दाचं. तो मागे घ्या, मग बोलू.

मालवी माती

शब्द मागे. संजा यादीत येईपर्यंत बाकीचं तसंच.

यादीवाली ताई

मेमधली शून्य सावली काढते, ती चूक होती. सत्र एप्रिलपासून मांडते. संजा घालते, शेणाऐवजी मातीने, कारण मला नोकरी टिकवायची आहे. फोटोची सूचना माझी नाही, वरून आलेली आहे. ती काढायची तर गुरुजी, तुम्ही संकुलाच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या बैठकीत बोला. मी पाठीशी उभी राहीन.

सरकारी शाळेतला गुरुजी

लेखी द्या. तोंडी पाठीशी उभे राहणारे पुष्कळ पाहिले.