कोरडी मोटर ओळखणारं सर्किट: पेटंटच्या लायकीचं की उघड, म्हणजे जाणकाराला सहज सुचणारं?

तासगावकर: बोअरचं पाणी तुटलं की मोटर कोरडी फिरून जळते. ती वाचवणारी साधी ड्राय-रन पॅनल्स करंट उतरला की ट्रिप होतात, म्हणजे मोटर बंद करतात. पण व्होल्टेज चढलं की रिकामी मोटरही जादा करंट ओढते आणि पॅनल फसतं. ओळखीच्या एका वायरमनने करंटऐवजी व्होल्टेज-करंटमधला फेज अँगल, म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती मागे पडतो ते, धरला. दोन्हींचे झिरो-क्रॉसिंग (शून्य ओलांडण्याचे) सिग्नल एक्सऑर गेटला, म्हणजे दोन सिग्नल वेगळे असतील तेवढाच वेळ पल्स देणाऱ्या सर्किटला दिले. गेटच्या पल्सवर कपॅसिटर चार्ज होतो, पुरेसा भरला की पॅनल ट्रिप. मोटरवरचा लोड कमी होईल तशी पल्स रुंदावते, ट्रिपिंग लवकर होतं. नुसता हवेचा बुडबुडा आला तर कपॅसिटर तेवढा भरत नाही, मोटर चालूच राहते. याला पेटंट मिळायलाच हवं.

कुपवाड पॅनलवाला: नाही पटत. लोड गेला की पॉवर फॅक्टर पडतो, म्हणजे फेज अँगल वाढतो, हे डिप्लोमाची पोरंही सांगतील. एक्सऑरने फेज मोजणं जुनं, रेझिस्टर-कपॅसिटरचं आरसी सर्किट तर त्याहून जुनं. 1978 च्या बिश्वनाथ प्रसाद निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की वर्कशॉपमधली साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे. अशी पेटंटं सुटली तर आम्हा छोट्या कारखानदारांवर 20 वर्षं टांगती तलवार.

तासगावकर: सुटे भाग जुने आहेत, मान्य. पण पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) अडवतं ते आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करणाऱ्या भागांच्या जुळणीला. इथे एकच कपॅसिटर मोटर कोरडी आहे का तेही ठरवतो आणि किती वेळ थांबायचं तेही. वेगळा टायमरच नाही! सर्किट हातात आल्यावर कुणीही म्हणेल, यात काय विशेष. अर्जाच्या तारखेआधी, हे सर्किट न पाहिलेल्या जाणकाराला ते सुचलं असतं का, हे तपासा.

पेटंटचं काम पाहणारी, सांगली: जाणकार म्हणजे नुसता पुस्तकी माणूस धरू नका. अमेरिकेत 2007 च्या केएसआर खटल्यात गाडीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडणं उघड ठरलं, कारण जाणकारालाही थोडी कल्पकता असते असं कोर्टाने धरलं. म्हणून खरा प्रश्न असा: जुन्या कागदांत ही जोडणी करण्याचं कारण दिसतं का? पॅनलवाले, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कलम 25(1) खाली कुणालाही विरोध नोंदवता येतो. अर्जाच्या तारखेआधी विकलेलं तसं पॅनल किंवा तारखेचं ड्रॉइंग असेल तर तेच काढा.

कुपवाड पॅनलवाला: फेज अँगलवर चालणारं जुनं ड्रॉइंग आहे माझ्याकडे. त्यात टायमर वेगळा आहे. पण टायमरची एक आयसी (चिप) वाचवली म्हणून तो शोध होतो, हे मी मानणार नाही. विरोध नोंदवणार.