पॉल हॉफमनबद्दल कुणी नीट सांगेल का?

अंबडकर:
मुलीला कॉलेजात 'उद्योगातून लोकसेवेत' या विषयावर दहा मिनिटं बोलायचंय. तिने पॉल हॉफमन घेतलाय. स्टुडेबेकर मोटार कंपनीचा अध्यक्ष, मग मार्शल योजनेचा (दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला सावरायला अमेरिकेने दिलेली मदत) प्रमुख, मग फोर्ड फाउंडेशन ही देणगी देणारी संस्था, मग संयुक्त राष्ट्रं. पदं वाचून माणूस काही समजत नाही. धरायचं काय?

पिंपळगावचा ट्रॅक्टरवाला:
विक्रेता धरा. कॉलेज अर्ध्यावर सोडून हा लॉस एंजेलिसमध्ये स्टुडेबेकर गाड्या विकायला लागला. 1933 ला कंपनीचं दिवाळं वाजलं, तेव्हा तिला सावरणाऱ्यांत तो होता. 1935 ते 1948 अध्यक्ष. विरोधी पक्षाचा असूनही राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी मार्शल योजना चालवायला त्यालाच बोलावलं.

त्या योजनेत अमेरिकेने युरोपात सुमारे 13 अब्ज डॉलर वाटले, एवढंच सगळे सांगतात. मी बावीस वर्षं पिंपळगाव बसवंतला ट्रॅक्टर विकतोय, मला त्यातली खुबी वेगळीच दिसते. फ्रान्सच्या शेतकऱ्याला अमेरिकन ट्रॅक्टर फुकट मिळत नव्हता. तो फ्रँक, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन, मोजायचा. अमेरिकेतल्या कारखान्याला डॉलर योजनेतून मिळायचे आणि त्या शेतकऱ्याचे फ्रँक फ्रान्समध्येच वेगळ्या खात्यात पडायचे. त्या खात्यातून तिथलीच वीज, तिथलीच रेल्वे. एका पैशाने दोन कामं! आमचा बागायतदार द्राक्षं उतरली की हप्ता भरायला येतो, नोटा दोनदा मोजतो. अमावस्येला त्याच ट्रॅक्टरपुढे नारळ फोडतो. अनुदानाच्या वस्तूपुढे नारळ फुटताना मी तरी पाहिला नाही.

दिंडोरीचा ग्रामसेवक (निवृत्त):
ताई भारताबद्दल बोलणार ना? फोर्ड फाउंडेशनचा अध्यक्ष असताना हॉफमन 1951 ला इथे येऊन नेहरूंना भेटला. 1952 ला फाउंडेशनचं परदेशातलं पहिलं कार्यालय दिल्लीत उघडलं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला देशात 55 ठिकाणी समूह विकास प्रकल्प सुरू झाले, आणि ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाला फाउंडेशनने पैसा दिला. बीडीओ (गटविकास अधिकारी) हे पद त्याच योजनेतलं. पेठ तालुक्यात सायकलच्या कॅरिअरला दप्तर बांधून मी पाड्यापाड्यांवर हिंडलो, तेव्हा हॉफमनचं नाव ऐकलंही नव्हतं. निवृत्तीनंतर वाचलं आणि फार बरं वाटलं.

अंबडकर:
काका, हे तिला वाचून दाखवलं. संयुक्त राष्ट्रांचं काय?

पिंपळगावचा ट्रॅक्टरवाला:
1959 पासून तिथल्या विशेष निधीचा प्रमुख, पुढे त्यातूनच झालेल्या विकास कार्यक्रमाचा पहिला प्रशासक, 1972 पर्यंत. आधी माती तपासा, पाणी मोजा, माणसं शिकवा. कारखाना-धरणाचा पैसा मागून येईल, ही त्याची रीत. पण दहातली पाच मिनिटं त्या फ्रँकच्या खात्यालाच द्यायला सांगा. रविवारी तिला शोरूमला घेऊन या, हप्त्यांचं पावतीपुस्तक दाखवतो.