प्रशासक आला म्हणून मेंबर नकोच का?

खानापूरवाली: काल इथं एकांनी लिहिलं, "आपल्या बेळगाव जिल्हा पंचायतीला निवडून आलेले मेंबर नाहीत तेच बरं. अधिकारी असले की टक्केवारीशिवाय कामं होतात." वाचून तिडीक गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या गावच्या ओढ्यावरची मोरी दोन पावसाळ्यांमागं वाहून गेली. पोरं ओंडक्यावरून शाळेला जातात, खाली पाणी गढूळ. आधी तालुका पंचायतीच्या मेंबराच्या दारात संध्याकाळी जाऊन बसायचो. तो चिडायचा, पण दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला घेऊन यायचा. आता मी तीनदा तालुक्याला गेले. दोनदा साहेब मीटिंगला, तिसऱ्यांदा साहेबांची बदली.

जिल्हा आणि तालुका पंचायतीच्या मेंबरांची मुदत २०२१ ला संपली. राज्य निवडणूक आयोगानं मतदारसंघ पाडले, आरक्षणाचा मसुदा काढला. कर्नाटक सरकारनं कायदा बदलून मतदारसंघ पाडायचा अधिकारच काढून घेतला, आपला वेगळा आयोग नेमला आणि निवडणूक लांबली. तेव्हा भाजप होतं, मग काँग्रेस आलं. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटनेच्या २४३-ई कलमात लिहिलंय, ते दोघांनीही वाचलं नाही म्हणायचं का?

टिळकवाडीकर: ताई, ते लिहिणारा मीच. वडील वारले तेव्हा घराचं खातं, म्हणजे मालकीची नोंद, बदलायला नगरसेवकाच्या माणसानं उघड पैसे मागितले. आठ महिने फिरवलं. प्रशासक आल्यावर पंधरा दिवसांत उतारा हातात. मी अनुभवाचं बोलतोय, तुम्ही कलमं सांगताय.

येळ्ळूरकर: तुम्हाला आत्ता २०२१ आठवलं होय? २००५ ला बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला, तर महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं आणि सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. २०११ ला पुन्हा तेच. मराठी माणूस निवडून आला की लोकशाही नको, हे आम्ही तेव्हापासून भोगतोय. आणि कागदांचं काय? जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे पूर्वीपासून ठरलंय. माझ्या आईला घरपट्टीची नोटीस आली, नुसती कानडीत. ती कागद चष्म्याजवळ धरून बसली होती, जणू जवळ धरल्यावर कळेल.

निपाणीकर: कागदाचं दुःख खरं आहे, पण सगळं भाषेवर नेऊ नका. ज्या महाराष्ट्रात जायचंय तिथं काय झालं? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक बसला. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तिथं तर सगळे मराठीच होते.

येळ्ळूरकर: म्हणजे आमच्यावर झालं ते चालतं? निपाणीत बसून येळ्ळूरला शिकवू नका. २०१४ च्या जुलैत 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' फलक सरकारनं हटवला तेव्हा पोलीस घरात शिरले होते. माझ्या चुलत्याच्या पाठीवरचे वळ मी मोजलेत.

निपाणीकर: चालतं असं कुठं म्हटलं? हात उगारणारा कुठल्या भाषेत बोलतो हे मी बघत नाही. वळाबद्दल मात्र माफ करा, दादा. ते मला माहीत नव्हतं.

शहापूरची सून: माझं माहेर कानडी, सासर मराठी. मला नोटीस वाचता येते, तरी मी अडलेच. घरपट्टी दुप्पट का लावली ते विचारायला गेले तर कारकून म्हणाला, "वरून आलंय." सप्टेंबर २०२१ ला बेळगाव महापालिकेत ५८ नगरसेवक निवडून आले, पण महापौर बसला फेब्रुवारी २०२३ ला. ते सतरा महिने आमच्या वॉर्डाचा माणूस हात जोडून सांगायचा, "वहिनी, अजून मला सही करायचा अधिकारच नाही." नोटीस मराठीत आली असती, तरी जाब कुणाला विचारला असता? येळ्ळूरच्या दादांनी एवढं सांगावं.

येळ्ळूरकर: मराठीत आली असती तर आई निदान रडली नसती. बाकी तुमचं म्हणणं… बरोबर आहे.

टिळकवाडीकर: माझं काम झालं ते एका चांगल्या अधिकाऱ्यामुळं झालं, एवढं मान्य करतो. तो बदलून गेल्यावर शेजाऱ्याचं खातं अजून पडून आहे. पण पैसे खाणाऱ्याला मी परत मत देणार नाही.

खानापूरवाली: नका देऊ, काका. त्याला पाडायला तरी निवडणूक पाहिजे की! सोमवारी मी मोरीचे फोटो घेऊन चौथ्यांदा जातेय. अर्ज कानडीत लिहून द्यायला कुणी आहे का?

शहापूरची सून: मी देते. रविवारपर्यंत फोटो पाठवा. आणि वर तारीख घालून पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.