पिवळं फडकं, क्ले आणि रविवारचे सहा तास

जुनीचाकं
दसऱ्याच्या गाड्यांच्या फोटोंखाली 'रविवारचा घाम' यांनी लिहिलंय की वर्षातून दोनदा क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा), पॉलिश आणि सिरॅमिकच्या संरक्षक थरासाठी ज्याला सहा तास काढता येत नाहीत त्याने गाडी घेऊ नये, रिक्षाने फिरावं. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

माझी गाडी २०१४ ची, पांढरी, एक लाख बारा हजार किलोमीटर. आजवर पाणी, शाम्पू आणि फडकं यापलीकडे तिला काही लावलेलं नाही. अहो, रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन. डोक्याचा केस त्यापेक्षा जाड. पॉलिश म्हणजे चरे बुजवणं नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणणं. वर्षातून दोनदा कराल तर दहा वर्षांनी काय घासाल?

माझ्या मेव्हण्याने ड्रिलला पॅड लावून हा उद्योग केला. बॉनेटच्या कडेवर रंग मुळात पातळ असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रुपयाएवढा राखाडी प्रायमर उघडा पडला. दहा वर्षांत फडक्याने जे झालं नाही ते वीस मिनिटांत झालं. आणि सिरॅमिक किती कठीण हे सांगणाऱ्या त्या 'नाइन एच' चं कौतुक पुरे. तो आकडा पेन्सिलींच्या कठीणपणाचा आहे, हिऱ्याचा नाही.

रविवारचा घाम
वाक्य अर्धं उचललंत, पुढे हसरा चेहरा होता. असो. 'पॉलिश दोनदा' ही माझी चूक, मान्य. क्ले दोनदा, पॉलिश गरज पडली तरच. झालं समाधान?

पण तुम्ही क्ले, पॉलिश आणि वॅक्स एकाच पातेल्यात शिजवलंत. पॉलिश थर काढतं. वॅक्स वर बसतं आणि दोन-तीन महिन्यांत जातं, पावसाळ्यात त्याआधीच. क्ले फक्त रंगावर चिकटून बसलेलं उपटते. गाडी धुवा, वाळवा, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि छतावरून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारं छत पिशवीतून रवाळ लागतं. आमच्या घरामागून लोकल जाते, त्यामुळे लोखंडाची बारीक धूळ फार. क्लेची बिस्किटाएवढी चकती, खाली शाम्पूच्या पाण्याचा भरपूर फवारा. पहिल्या चार हातांना खर्रखर्र आवाज येतो, चकती अडते. मग एकदम आवाज बंद होतो आणि ती घसरायला लागते. उलटून पाहिलं तर चहाच्या चोथ्याचा रंग. पाणी कमी पडलं तर तीच क्ले चरे पाडते, म्हणून घाईच्या माणसाने हात लावू नये.

आणि 'फडक्याने काही झालं नाही' म्हणता? पांढऱ्या रंगावर दिसत नाही एवढंच. काळी गाडी असती तर उन्हात बारीक चऱ्यांची कोळ्याची जाळी दिसली असती. खरा शत्रू सकाळी साडेपाचला येणारा तो एक-बादलीवाला.

ताईमाई
शत्रू? जरा जपून. आमच्याकडचे दादा बावीस गाड्या पुसतात, गाडीमागे महिन्याला ५०० रुपये. बादली एकच, कारण आम्हीच तसा ठराव केलाय. मी सोसायटीची सचिव आहे आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवाल्याशी रोज फोनवर भांडणारी पण मीच. बी विंगमधले एक गृहस्थ पाइप लावून तासभर गाडी भिजवतात, वर म्हणतात, 'मेंटेनन्स भरतो ना?' तुमचे सहा तास ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

रविवारचा घाम
पाइप नसतोच हो. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक मिट (गाडी धुवायचा हातमोजा) खळबळायची. मोजून ३० लिटर.

ताईमाई
सहा तासांत ३० लिटर? मग आंघोळही त्यातच उरकत असाल.

संत्रासाल
दोघं भांडून घ्या, तोवर मी पाण्याच्या प्रतीबद्दल बोलतो. नागपूर, बोअरवेल, क्षार भरपूर. उन्हात गाडी धुतली की प्रत्येक थेंब वाळून पांढरी चकती उरते, मग फडका मायक्रोफायबरचा असो की पैठणीचा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, सावलीत लावायचं आणि लगेच धुवायचं. डाग जुने असतील तर तेही हात टेकतं. कावळ्याचा प्रसाद मात्र नखाने खरवडू नका. ओला फडका पाच मिनिटं वर ठेवा, मग उचला. मी मे महिन्यात दोन दिवस आळस केला, बॉनेटवर नकाशा कायमचा उमटलाय.

बांगडाफ्राय
तुमचं सगळं बॉनेटवरच चाललंय. रत्नागिरीत या. खारी हवा, वर चार महिने पाऊस. वरून आरसा आणि दाराच्या खालच्या पट्टीत बोट घातलं तर गंजाचे पोपडे. खालून गाडी धुवा, दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर मोकळी करा, मग सिरॅमिकच्या गप्पा. आमचे बाबा स्कूटर डिझेलने पुसायचे. तासभर अशी चमकायची की शेजारी जळायचे, संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याची धूळ तिला चिकटलेली.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीतही हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. खालून धुणं मस्ट.

बांगडाफ्राय
घ्या, माझ्या बाजूने बोललं कोण तर अमेरिका.

जुनीचाकं
ताईमाई, पाणी मान्य. पण दादांचं पिवळं फडकं बावीसाव्या गाडीवर पोचतं तेव्हा त्यात एकवीस गाड्यांची वाळू असते, हेही लिहा की. मी स्वतः पुसतो म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

ताईमाई
हक्क घ्या हो, ठेवून घ्या. आज सकाळी मुद्दाम खाली उतरले. दादांना तीन मायक्रोफायबर दिले. त्यांनी एक हातात घेऊन कुस्करला आणि म्हणाले, "मॅडम, हा धूळ पकडून ठेवतो, धुवायला वेळ लागतो. पिवळं एका पिळ्यात मोकळं होतं. साडेपाच ते आठ, बावीस गाड्या. तुम्हीच भागाकार करा." केला. सात मिनिटंही येत नाहीत. पुढे म्हणाले, रोज पुसायची हौस त्यांना नाही, पण एक दिवस काचेवर धूळ दिसली की वरून फोन येतो. आठवड्यातून दोनदा नीट ओलं पुसायला ते एका पायावर तयार आहेत. पैसे मात्र तेवढेच हवेत. मीटिंगमध्ये हा विषय काढला तर पहिला विरोध बी विंग करणार, लिहून ठेवा.

रविवारचा घाम
बरं, 'शत्रू' शब्द मागे. सात मिनिटांत मीही तेच केलं असतं. रोज कोरडं पुसून घेणारे मालकच दोषी. माझ्या जुन्या गाडीचा मालकही त्यात आला, म्हणजे मी. पहिली गाडी घरच्या पिसाऱ्याने तीन वर्षं रोज झाडली होती.

जुनीचाकं
हे आधी सांगितलं असतं तर धागाच काढला नसता. असो, पिशवीचा प्रयोग केला. दारं ठीक आहेत, छत मात्र रवा. उपम्याचा, बारीक नाही. क्ले आणतोय. पॉलिश नाही म्हणजे नाही. वॅक्सचा डबा मेव्हण्याकडे पडून आहे, तो आता माझ्या नजरेला नजर देत नाही, त्यामुळे फुकट मिळेल.

रविवारचा घाम
क्ले जमिनीवर पडली तर झटकून परत लावू नका, फेका. जीव जातो, पण फेका.

ताईमाई
आणि पाइप नाही.

कालचआलो
नमस्कार, नवीन सदस्य. दसऱ्याला आईने नव्या पांढऱ्या बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलं. धुतलं, पण पिवळट उरलंय. क्ले करू का पॉलिश?

संत्रासाल
काही करू नका. शाम्पूने एकदा धुवा आणि गाडी उन्हात ठेवा, हळद उन्हाला टिकत नाही. कमी पडलं तर सांगा, आमच्याकडचं पाठवतो.