अनुभव धागा: सयाजीराव, जपानचा मेईजी आणि आपल्या घरातली शाळा

तापीकाठची
पुतणी धुळ्याला एमपीएससीचा अभ्यास करते. काल विचारते, "काकू, बडोद्याचे सयाजीराव मोठे की जपानचा बादशहा मेईजी?" मेईजीचं मला काय माहीत! पण आजी आठवली. ती सोनगडकडची, म्हणजे गायकवाडीतली, महाराजांच्या बडोदा संस्थानातली, आजोबा नवापूरचे, इंग्रजी हद्दीतले. आजी शाळा शिकलेली, आजोबा अंगठेबहाद्दर. सावकाराची वही गुजरातीत. आजोबांनी अंगठा टेकवायच्या आधी आजी ओळीवर बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचायची, आणि सावकार उगाच खोकायचा. तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा.

भरीतवाला
हाई खरं शे ताई. पण महाराजांचं जन्मगाव कवळाणं आपल्या खान्देशात कुठे? ते नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुका.

जुनी_सनद
नाशिक जिल्हाच 1869 चा. महाराज जन्मले 1863 ला, तेव्हा मालेगाव खान्देशात होतं. आपलेच.

भरीतवाला
आते काय बोलू भो 😄

रात्रपाळी
डब्याच्या सुट्टीत लिहितोय, चुका सांभाळा. दोघंही पोरवयात गादीवर. मेईजी 1867 ला चौदाव्या वर्षी, आपला गोपाळ, म्हणजे सयाजीराव, 1875 ला बाराव्या वर्षी दत्तक, तोवर अक्षरओळख नाही. जपानात शाळांचा हुकूम 1872 ला निघाला, महाराजांच्या आधी. पण खर्च गावाच्या गळ्यात आणि वर फी. त्यात सक्तीची लष्करभरती. 1873 च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी काही ठिकाणी शाळाच पेटवल्या! प्राथमिक शाळेची फी गेली 1900 ला. बडोदा राज्यात 1893 ला आधी अमरेलीत शाळेचं करून पाहिलं, 1906 ला सगळ्या राज्यात, मुलींनाही, आणि फुकट. पोरगं शाळेत गेलं की ढोरं कोण चारेल, हे शेतकऱ्याच्या घरातून गेलेल्या राजाला कुणी सांगावं लागलं नसेल. भोंगा झाला, बाकी नंतर.

नवापूर_नाका
फुकट होती, पण सक्तीचीही होती ना! पोर नाही पाठवलं तर बापाला दंड. मना आजा सांगे, मास्तर दिसला की ते ज्वारीत लपायचे. एकदा तिथेच झोप लागली, सगळं गाव शोधत बसलं. शेवटी सापडला तो मास्तरालाच 😂

तापीकाठची
आजीच्या बापानेही दंडाच्या धाकानेच पाठवलं होतं, कौतुकाने नाही. पुतणीला म्हटलं, पेपरात 1906 लिही, हे नको.

वाचनवेडी
पुस्तकांच्या पेट्या राहिल्या की. 1910 ला बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला, लाकडी पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यांत जायची. आमच्या शाळेत कपाटाला कुलूप, किल्ली हेडसरांकडे आणि हेडसर रजेवर. दहावी झाली तरी आतली पुस्तकं काचेतूनच पाहिली. असो, कुकर झाला.

सध्या_पुण्यात
मेईजीने स्वतः केलं काय पण? कारभार ओकुबो, इतो या मंत्री मंडळींचा, शिक्का बादशहाचा.

जुनी_सनद
बरोबर. पण त्याच्या डोक्यावर रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा अधिकारी, तरी नव्हता. 1871 ला त्या मंडळींनी सरदारांची सगळी संस्थानं मोडून काढली. महाराज हे करणार कसे, ते स्वतःच संस्थानिक! फौज नावापुरती, परराष्ट्र नाही, हातात उरलं शाळा, रस्ते, कायदे. त्यातच 1904 ला बालविवाहाविरुद्ध कायदा केला. इंग्रजी मुलखात सारडा कायदा यायला 1929 उजाडलं. आणि 1913 ला आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. मेईजीला आरमार मिळालं, आपल्याला हे मिळालं. मी तर हेच घेईन.

नवापूर_नाका
जपान्यांनी त्या आरमाराने कोरियात काय केलं तेही लिहा.

रात्रपाळी
लिहितो, पण रात्री. मिस्त्री बघतोय.

भरीतवाला
माझ्या आजीचं लग्न नवव्या वर्षी, यावल तालुक्यात. गायकवाडीत असती तर सुटली असती म्हणा. पण मग आजा भेटला नसता आणि मी इथे वाद घालत बसलो नसतो.

वाचनवेडी
यावलचे का तुम्ही? बामणोदची वांगी आली का हो बाजारात?

भरीतवाला
आली ना! पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजा ताई, गॅसवर नको. आणि मिरच्या हिरव्याच घ्या, लसूण हात सैल सोडून.

सध्या_पुण्यात
पुण्यात पऱ्हाट्या कुठून आणू 😭

नवापूर_नाका
एसटीत टाकून देतो पेंढी. स्टॉप सांगा.