माझ्या टॅक्समधून गोवंडीत फुकट घरं कशाला?

मुलुंडकर_७२: काल इथेच कुणीतरी लिहिलं, 'गोवंडी-मानखुर्दमध्ये सरकारने निधी वाढवून आणखी घरं द्यावीत.' वाचून डोकंच फिरलं. मी वन रूम किचनसाठी वीस वर्षं हप्ते फेडतोय आणि या झोपडीवाल्यांना ३०० चौरस फुटांचं घर फुकटात! वर ते भाड्याने देऊन स्वारी परत झोपडीत.

सातवा_मजला: काका, टॅक्स खिशातच ठेवा. एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, सरकार बांधत नाही, बिल्डर बांधतो. त्याच प्लॉटवर विक्रीचा टॉवर उभा करून खर्च वसूल करतो. म्हणूनच आमच्या इमारती अशा खेटलेल्या की समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात. आणि २००० नंतर, २०११ पर्यंत आलेल्यांना अडीच लाख भरावे लागतात. फुकट म्हणे!

लालबागचा_पांडू: झोपडीवाल्यांचं चालू द्या. गिरणी कामगाराचं काय? ८२ च्या संपात बाबांची नोकरी गेली. गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा घरं बांधणाऱ्या सरकारी म्हाडाला मिळणार होता. २००१ मध्ये नियम बदलून फक्त मोकळ्या जागेची वाटणी केली. अर्ज दीड लाखावर, आणि आता म्हणे मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा. लालबागचा माणूस वांगणीला?

मुलुंडकर_७२: संप तुम्हीच केलात ना? गिरण्या बुडवल्यात, आता घरं मागा.

लालबागचा_पांडू: तोंड सांभाळून. आईने खानावळ चालवून आम्हाला वाढवलं. तुम्ही तेव्हा शाळेत डबा खात होतात.

कॉटनग्रीन: पांडूशेठ बरोबर आहेत. जमिनीवर मॉल झाले, कामगारांना फॉर्म मिळाले.

सातवा_मजला: मला मूळ मुद्द्यावर येऊ द्या. आमची लिफ्ट आठ महिने बंद. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची फिरेना. शेवटी शेजारच्या पोराने त्यांना पाठुंगळीला घेतलं. लोक घर भाड्याने का देतात, कळलं? घर फुकट, मेंटेनन्स कोण भरणार?

रात्रपाळी: आणि ज्यांच्याकडे झोपडीही नाही ते? लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. आमच्या स्टेशनबाहेरच्या पुलाखाली एक बाई मुलीचा जन्मदाखला तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवते. कट ऑफच्या, म्हणजे घरासाठी पात्र ठरायच्या शेवटच्या तारखेच्या, आधीपासून तिथेच आहे. पण पुरावा म्हणून दाखवायला पुलाखालच्या माणसाला विजेचं बिल कुठून येणार? पैसा द्यायचाच तर आधी तिथे द्या.

मुलुंडकर_७२: निवाऱ्याला माझा विरोध कधी होता? लिफ्टचंही मान्य, वडिलांना बरं वाटो. पण फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांना मी सोडणार नाही. आणि पांडूशेठ, संपाबद्दल जरा जास्तच बोललो.

लालबागचा_पांडू: जरा?

मुलुंडकर_७२: बरं, बरंच. आमचीही लिफ्ट कालपासून बंद आहे, पण तो वेगळा विषय.