मदत हवी आहे: शाळेसाठी छोटी पवनचक्की, स्लॅबवर बसवावी की खांबावर?

माळावरचा_मास्तर:

नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. वर्ग सातवीपर्यंत. व्हरांड्यातून ब्राह्मणवेल-छडवेलकडच्या पवनचक्क्या दिसतात. आमच्याकडे त्यांना पंखेच म्हणतात आणि सगळा घोळ त्या नावाने केलाय. पाचवीतल्या एका पोरीने विचारलं, "गुर्जी, पंखा फिरस म्हनीसन वारा येस का?" वर्ग हसला. पण हात वर करायला सांगितलं तर निम्मा वर्ग तिच्याच बाजूचा निघाला! घरी आजोबा सांगतात की या पंख्यांनी ढग पळवले, म्हणून पाऊस नाही. जन्मापासून पवनचक्क्या बघणाऱ्या पोरांची ही गत, आणि पुस्तकात त्यावर जेमतेम एक चित्र.

म्हणून गेल्या जूनमध्ये आम्हीच एक केली. जुन्या प्रिंटरची मोटर, चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून काढलेली तीन पाती, खाली बांबू. एलईडी लागला तेव्हा पोरांनी जो गलका केला तो ऐकून शेजारच्या वावरातले लोक कुंपणाशी आले. मधल्या सुट्टीत कुणीतरी तो एलईडी खिशात घालायला तार उपसली. पुढच्या पाचेक मिनिटांत चक्र असं काही सुसाट सुटलं की एक पातं तुटून थेट खिचडीच्या खोलीच्या पत्र्यावर आदळलं. लागलं कुणाला नाही, पण स्वयंपाक करणाऱ्या मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता गावचाच एक माजी विद्यार्थी, सुरतेला असतो, तो एक किलोवॅटची तयार पवनचक्की द्यायला निघालाय. त्याचं म्हणणं, स्लॅबवर बसवा, खांबाचा खर्च वाचेल. मला भीती वाटते. शाळेत चार ट्यूब, दोन पंखे (छताचे!) आणि एक टीव्ही आहे, त्यांचं भागेल का? आणि सहावी-सातवीला यातून नेमकं काय शिकवता येईल? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. नुसत्या लिंका नकोत, शाळेत रेंजची बोंब आहे.

तापीकाठ:

गुरुजी, स्लॅबवर अजिबात नको. पवनचक्क्यांच्या देखभालीत माझी काही वर्षं गेली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो. इमारतीला धडकून वारा भोवरे घेत वर येतो. चक्र सारखं तोंड फिरवत राहतं, वीज कमी मिळते आणि हादरे थेट स्लॅबमध्ये उतरतात. खांबच घ्या, तोही बुडाशी बिजागरी असलेला आणि तारांनी ताणलेला, म्हणजे दुरुस्तीला आडवा करता येतो. शंभरेक मीटरच्या आत जे काही उंच असेल, त्याच्यापेक्षा पाती नऊ-दहा मीटर वर हवीत.

"एक किलोवॅट" या शब्दावर भाळू नका. तो आकडा साधारण सेकंदाला ११ मीटर वाऱ्याचा असतो. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या पटीत बदलते, म्हणजे वेग निम्मा, ५.५ मीटर झाला की हातात येतात सव्वाशे वॅट. जून ते ऑगस्ट तुमच्याकडे मजा आहे, हिवाळ्यात चक्र बरेच दिवस नुसतं उभं राहील. त्यामुळे सोबत एखादं सोलर पॅनल ठेवा. ढगाळ दिवसांत वारा, थंडीत ऊन.

तुमचं पातं का तुटलं माहितीये? तार काढली म्हणून! भार, म्हणजे वीज खाणारं काहीतरी, जोडलेला असतो तोवर मोटर चक्राला मागे ओढून धरते, भार गेला की ते उधळतं. मोठ्या यंत्राचंही हेच, म्हणून बॅटरी भरली तरी सोलरसारखं नुसतं तोडून चालत नाही, जास्तीची वीज जिरवायला हीटरसारखं काहीतरी लागतं. सातवीचा पहिला तास इथेच झाला. मोटरच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि पोरांना हाताने चक्र फिरवायला लावा. जड जातं. मग तारा सुट्या करून फिरवू द्या.

खापराचे_मांडे:

काचांचं बघा फक्त. डेन्मार्कमधल्या आस्कोवच्या लोकशाळेत पॉल ला कूर नावाच्या शिक्षकाने १८९१ मध्ये प्रयोगाची पवनचक्की उभारली. तिच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून शाळेत दिवे लावले आणि त्याच्या स्फोटांनी खिडक्यांच्या काचा फुटल्या असं सांगतात. तुमचा पत्रा त्यामानाने स्वस्तात सुटला. पण त्याच शाळेत पुढे खेड्यापाड्यांसाठी वीज-कारागीर तयार झाले, तेव्हा मावशींना मनवा आणि सोडू नका.

माळावरचा_मास्तर:

तापीकाठ भाऊ, तारांचा प्रयोग आज केला. ती पाचवीतली पोरगी तीनदा रांगेत लागली. पात्याचा उलगडाही झाला, मी आजवर बांबूला दोष देत होतो. स्लॅब रद्द.

पण पटांगणाच्या पश्चिमेला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या तोंडावरच, जुनी चिंच आहे. ती तोडायची नाही, सगळी शाळा तिच्याच सावलीत जेवते. सुरतेचे पैसे खर्च होण्याआधी चिंचेपासून लांब, उत्तरेच्या कोपऱ्यात वारा मोजावा म्हणतो. धुळे, शिरपूर, नंदुरबारकडे कुणाकडे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र पडून असेल तर पोळ्यापर्यंत उसनं मिळेल का? न्यायला मी स्वतः येईन.